सीटची उंची किती ठेवावी?

प्रश्न : रोड सायकलने नाशिकहून त्र्यंबकेश्वरला जाऊन आलो की माझे गुडघे पुढच्या बाजूने दुखतात. सीटची उंची कशी ठरवावी?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : गुडघा पुढून दुखत असेल तर सीट बहुधा खाली असते, मागून दुखत असेल तर वर. अनवाणी, भिंतीला पाठ टेकून उभे राहा, जाड पुस्तक पायांमधून जांघेपर्यंत घट्ट वर सरकवा आणि त्याच्या वरच्या कडेपासून जमिनीपर्यंतचे अंतर मोजा. त्याला ०.८८३ ने गुणले की क्रँक (पेडलचा दांडा) ज्या अक्षाभोवती फिरतो त्याच्या मध्यापासून सीटच्या माथ्यापर्यंतची उंची मिळते. ८० सेंमीला सुमारे ७०.६ सेंमी. हे सूत्र सायकलपटू ग्रेग लेमाँड यांच्या नावाने ओळखले जाते, परंतु पावलाची लांबी आणि बुटाचा तळ ते लक्षात घेत नाही, म्हणून मी त्याला केवळ सुरुवात मानतो. खरी परीक्षा गुडघ्याची : पेडल तळाशी असताना तो पूर्ण सरळ न होता २५ ते ३५ अंश वाकलेला राहावा आणि कंबर डावी-उजवी डुलू नये. सीट एका वेळी ३-४ मिमीच वर घ्या. त्याआधी सीटपोस्टवर (सीटखालच्या नळीवर) चिकटपट्टीची खूण करायला मात्र विसरू नका.