ब्रेक दाबला की मागचा दिवा उलट मंद होतो, अख्खी वायरिंग बदलावी का?

नका बदलू. निदान या आठवड्यात तरी नका.

तुम्ही लिहिलंय की रात्री मागचे दोन्ही दिवे लागतात, पण ब्रेकवर पाय ठेवला की उजवा लख्ख होतो आणि डावा विझल्यासारखा होतो. शिवाय डावा इंडिकेटर अंधुक पेटतो. बल्ब दोनदा बदलून झाला. आता गॅरेजवाला मागची पूर्ण वायरिंग बदला म्हणतोय, 14,000 रुपये. आणि त्यापेक्षा एलईडी बल्ब टाकून भागेल का, असा तुमचा प्रश्न. हे वाचलं आणि हातातला चहा खाली ठेवला. माझीही डावीच बाजू होती हो.

तुमचं अर्थिंग गेलंय, म्हणजे दिव्यातला करंट गाडीच्या बॉडीतून बॅटरीला परत नेणारी जोडणी. वायरिंग नाही, बल्ब नाही, अर्थिंग.

चार वर्षांपूर्वी गणपतीला गडहिंग्लजहून सावंतवाडीला निघालो होतो, सासुरवाडीला. आजरा सोडल्यापासून पाऊस, आणि आंबोलीत तर बॉनेटच्या पुढचं काही दिसेना असलं धुकं. मागं एक एसटी लागलेली. तो सारखा डिपर मारतोय, मी मनात म्हणतोय, एवढी घाई असेल तर जा की पुढं. आंबोलीत चहाला थांबलो तर तोच ड्रायव्हर उतरून माझ्याकडं आला. म्हणाला, "ओ पावणं, ब्रेक मारला की तुमचा डावा दिवा इझतोय. मला वाटतंय तुम्ही वळाय लागलाय." मला आधी खरंच वाटेना. ब्रेक मारल्यावर दिवा वाढायचा, तो विझेल कसा? बायकोला ब्रेकवर पाय ठेवायला लावला आणि छत्री धरून मागं उभा राहिलो. माणूस खरं बोलत होता.

आता यातली गंमत. मागच्या त्या बल्बमध्ये दोन फिलामेंट असतात, 5 वॅटची रात्रीच्या दिव्याची आणि 21 वॅटची ब्रेकची. दोघींची परतीची वाट एकच, बॉडीला जाणारी अर्थची वायर. ती वाट बंद झाली की करंट मिळेल त्या बोळानं बाहेर पडतो. नुसता दिवा लावलेला असतो तेव्हा तो ब्रेकच्या फिलामेंटमधून उलटा निघून पलीकडच्या दिव्यातून बॉडीला पोचतो, म्हणून तुम्हाला सगळं ठीक दिसतं. ब्रेक दाबला की त्या बाजूनंही 12 व्होल्ट येऊन उभे राहतात, तो बोळ बंद. मग उरतो इंडिकेटर. त्यातून जेवढा निसटेल तेवढा निसटतो. तुमचा अंधुक इंडिकेटर म्हणजे हेच. गॅरेजवाल्याला हे कळत नसेल असं मी म्हणत नाही, पण कळून 14,000 सांगत असेल तर आणखीच वाईट.

सावंतवाडीत पोचल्यावर दाजींचं सुरू झालं. ताईचे यजमान, माणूस लाखात एक, पण गाडीच्या बाबतीत त्यांचं एकच: "इलेक्ट्रिकलला आपण हात लावायचा नाही, शोरूमला द्यायची. जाळशील गाडी." दिलीही. मोठ्या सर्व्हिस सेंटरनं दोन दिवस ठेवली, दोन्ही बल्ब आणि होल्डर बदलले, 2,300 घेतले. दिवा दहा दिवस बरा चालला. होल्डर काढता-घालताना कुठंतरी वायर हलली आणि तेवढ्यापुरतं जमलं, एवढाच त्याचा अर्थ. अकराव्या दिवशी परत तेच. आणि त्यांचं उत्तर तुमच्या गॅरेजवाल्यासारखंच: हार्नेस, म्हणजे वायरींचा अख्खा जुडगा, बदला.

मग रविवारी मी स्वतः डिकी उघडली. दिव्याचे दोन स्क्रू काढले, अख्खा दिवा बाहेर ओढला. कपलरमधली, म्हणजे दिव्याला वायरी जोडणाऱ्या प्लगमधली, काळी वायर धरली (जपानी घराण्यातल्या गाड्यांत अर्थ बहुधा काळी असते, जर्मन गाड्यांत तपकिरी) आणि व्होल्ट मोजायचा मीटर लावला. एक टोक त्या वायरला, दुसरं बॅटरीच्या मायनसला, मुलाचा पाय ब्रेकवर. इथं जवळपास शून्य यायला हवं. अर्धा व्होल्टसुद्धा जास्तच. माझ्याकडं 4 च्या वर आले. मीटर नसेल तर आणखी सोपं: हातभर वायर घ्या, एक टोक होल्डरच्या अर्थला, दुसरं रंग खरवडलेल्या बॉडीला. दिवा लख्ख झाला की खटला निकाली.

ती काळी वायर कुठं जाते ते शोधायला मात्र अर्धा तास गेला. डाव्या बाजूचं प्लास्टिक काढलं, खालचा फोम उचलला, तर तो ओला चिंब. दिव्याची रबरी पट्टी एका कोपऱ्यात दबलेली, तिथून प्रत्येक पावसाचं पाणी आत. आणि त्या ओल्यात एक 10 च्या पान्याचा बोल्ट, त्याखाली गोल टर्मिनल, म्हणजे त्या काळ्या वायरीच्या टोकाची कडी, त्यावर तांब्याच्या जुन्या भांड्यावर चढतो तसला हिरवा काट. बोट लावलं तर भुगा पडला. पॉलिश पेपरनं टर्मिनल घासलं, बोल्टखालचा पत्रा पांढरा होईपर्यंत घासला, नवा स्टार वॉशर टाकून आवळलं, वरून व्हॅसलिन फासलं. रबर पट्टी बदलली. एकूण खर्च 180 रुपये, त्यात 140 ची पट्टी. आज चौथा पावसाळा.

दाजींना फोटो पाठवला. उत्तर आलं, "बघू किती दिवस टिकतंय." टिकलंय, दाजी.

आता जे आधी सांगायला हवं होतं ते. बल्ब बदलणाऱ्यानं एका फिलामेंटचा बल्ब दोनवाल्या होल्डरात दाबून बसवला असेल तर बुडाचे दोन्ही पॉइंट एकत्र होतात, आणि असाच काहीसा गोंधळ दिसतो. आधी बल्ब काढून बघा, बुडाला दोन ठिपके हवेत. ब्रेकचे तिन्ही दिवे लागत नसतील तर हे सगळं विसरा, पॅडलवरचा स्विच किंवा फ्यूज बघा. उलट ब्रेकचे दिवे विझतच नसतील तर पॅडलचं छोटं रबर बटण तुटून मॅटवर पडलेलं सापडेल, पाच-दहा रुपयांचं असतं, पण रात्रीत बॅटरी बसवतं. आणि गाडी नवी असेल, दिवे कॉम्प्युटरवरून चालत असतील, वॉरंटी शिल्लक असेल, तर मात्र कुठल्याही वायरीत टेस्टर खुपसू नका. इथं दाजी बरोबर आहेत. इथंच.

एलईडीचं म्हणाल तर अर्थिंग खराब असताना ते काहीच सोडवत नाहीत, उलट नको तेव्हा भुतासारखे मिणमिणत राहतात. इंडिकेटरला टाकले तर बऱ्याच गाड्यांत लुकलुक दुप्पट वेगानं होते, ते वेगळंच. त्यावर माझं पूर्ण मत इथं लिहीत नाही, लांबेल.

तुमचा बोल्ट सापडला की गंजलेल्या टर्मिनलचा फोटो खाली नक्की टाका. एकाला पाठवायचाय.