आमच्या गावालगतची गिट्टी खदान वाढणार आहे. तिच्या पर्यावरण अहवालात ‘पाणथळ जागा नाही, दुर्मिळ प्रजाती नाही’ असं लिहिलंय. हे कितपत खरं मानायचं?

आधी अहवालात पाहणी कोणत्या महिन्यात झाली ते बघा. मार्च ते मे असेल तर त्या ‘नाही’ला काडीची किंमत नाही.

पावसाळा सोडून एका हंगामाची नोंद नियमात चालते, आणि उन्हाळा सल्लागारांच्या सोयीचा. गाडी थेट तलावाच्या पाळीपर्यंत, म्हणजे बांधापर्यंत, जाते. आम्ही भंडारा जिल्ह्यातल्या साकोली तालुक्यातले ढिवर, मासेमार. आमच्या टेकडीवरची खदान वाढायची होती तेव्हा पाहणीवाले ऐन मे महिन्यात आले. तलावात मधोमध चिखल, कडेनं बेशरमाची झुडपं माजलेली. बाबांनी त्यातल्या एकाला पाळीखाली नेलं, चिखलात कोपरापर्यंत हात घातला आणि कमळाचं मूळ उपसून दाखवलं. मोडलं की आत भोकं, आणि दोन तुकड्यांच्या मधे ताणले जाणारे चिकट तंतू. म्हणाले, "साहेब, सारा तलाव खाली झोपून आहे, पाणी आलं का उठते." साहेब "हो काका" म्हणून गाडीत बसले. अहवालात आलं, ‘हंगामी पाणी साचण्याची जागा, जैविक महत्त्व नगण्य.’

त्याच जागी श्रावणात देवधान, म्हणजे जंगली भात, डोकं वर काढतं, कमळाच्या पानांवरून कमळपक्षी चालत जातो, अडई बदकांचे थवे उतरतात. हिवाळ्यात बाहेरची बदकं येतात. मे महिन्याच्या फोटोत यातलं काय दिसणार?

आता ‘पाणथळ जागा नाही’ याबद्दल. कायद्याच्या भाषेत ते खरं असू शकतं. 2017 च्या पाणथळ नियमांतून सिंचनासाठी बांधलेले तलाव वगळलेत आणि धानाची शेतंही वगळलीत. भंडारा-गोंदियाचे मामा (माजी मालगुजारी) तलाव कोहळी समाजानं बांधले तेच सिंचनासाठी. सारस घरटं करतो धानाच्या बांधीत, म्हणजे शेतात, आणि चरतो तलावाकाठी. म्हणजे तो जिथं जगतो त्या दोन्ही जागा नियमाबाहेर. म्हणून नुसतं ‘पाणथळ आहे’ म्हणून भांडू नका, तिथं काय जगतं ते दाखवून भांडा.

परिणाम बघायचा तर पाण्याची वाट धरा. पहिल्या मोठ्या पावसात टेकडीपासून तलावापर्यंत येव्यानं, म्हणजे पाणी तलावात येतं त्या वाटेनं, चालत जा. टेकडी फोडली की येवा खड्ड्यात वळतो, उरलेल्या पाण्यासोबत क्रशरची भुकटी उतरते. पाणी गढूळ राहिलं की तळाच्या चिला या पाणवनस्पतीला ऊन मिळत नाही, आणि चिला गेला की त्यात लपणारी मासळीची पिल्लं जातात. आमच्याकडे हेच झालं. खड्डा भूजलाच्या खाली गेला की ते पाणी पंपानं उपसतात, मग आजूबाजूच्या विहिरींची पातळी उतरते. हे अहवालात एका परिच्छेदात उरकलेलं असेल तर तिथंच बोट ठेवा.

माझा चुलतभाऊ टिप्पर चालवतो. तो दरवेळी म्हणतो, "कमळानं पोट भरते का?" भरतं, दादा. मच्छीमार संस्थेची मासळी, शिंगाडा, तुडुमातून (तलावाच्या मोरीतून) सुटणारं पाणी, त्यावरचं धान, यावर अर्धं गाव पिढ्यान्‌पिढ्या जगलं. खदानीत पोकलेन काम करतं, गावातली मोजकीच पोरं लागतात. तुझी नोकरी मला नको नाही, पण तिच्यासाठी तलाव रिकामा पडला असं तू मान्य करत नाहीस, तेवढंच माझं भांडण आहे.

ग्रामपंचायतीकडे लोक जैवविविधता नोंदवही, म्हणजे गावातल्या झाडं-प्राण्यांची नोंद, मागा. कोरी असेल तर आजपासून भरा, तारखेसह फोटो लावा, म्हाताऱ्या ढिवरांना विचारून नावं लिहा.

सगळ्या खदानींना जनसुनावणी लागत नाही, हेही सांगायला हवं. गौण खनिजाची ५ हेक्टरच्या आतली एकटी खदान सहसा सुटते. पण शेजारच्या खदानीचं अंतर 500 मीटरच्या आत असेल तर क्षेत्र एकत्र मोजतात, तेव्हा तलाठ्याकडून नकाशा घेऊन मोजा. सुनावणी लागली तर नोटीस किमान 30 दिवस आधी हवी आणि अहवालाचा सारांश मराठीत हवा. शेवटी इतिवृत्त वाचून दाखवतात, तोवर कोणी उठू नका. हरकत मात्र लेखी द्या आणि पोच घ्या.