वाचक विचारतात : गाढव म्हणजे नेमकं कोण?

प्रश्न : नमस्कार ताई. ‘लाइफ ऑफ पाय’ फार आवडली होती, म्हणून यान मार्टेल यांचीच ‘बिअट्रिस अँड व्हर्जिल’ आणली. गाढव, माकड, मेलेल्या प्राण्यांत पेंढा भरणारा एक म्हातारा आणि आत नाझींचा नरसंहार! ‘अ‍ॅनिमल फार्म’मधला नेपोलियन म्हणजे स्टालिन, स्नोबॉल म्हणजे ट्रॉटस्की, हे चटकन लागतं. इथे गाढव म्हणजे कोण? आणि साठ लाख ज्यूंच्या हत्येवर प्राण्यांची गोष्ट लिहिणं हा त्यांचा अपमान नाही का?

उत्तर : गाढव म्हणजे कोणी एक नव्हे. ती गाढवीण, तिचा सोबती हाउलर माकड, आणि दोघांची नावं इटालियन कवी दान्तेच्या महाकाव्यातल्या वाटाड्यांची. तुम्ही किल्ली शोधताय, कारण ‘अ‍ॅनिमल फार्म’ लिहिणाऱ्या ऑर्वेल यांनी ती सवय लावली आहे. १९४५ साली त्यांना सत्ता हडपण्याचं यंत्र उघडून दाखवायचं होतं, म्हणून त्यातल्या प्रत्येक चाकाला नाव होतं. मार्टेल यांच्या २०१० सालच्या कादंबरीत यंत्र नाहीच. दोन भेदरलेल्या जिवांची बडबड आहे. व्हर्जिलने नाशपाती खाल्लेली आहे, बिअट्रिसने नाही. तो तिला त्या फळाचा आकार सांगतो, साल सांगतो, वास सांगतो. चव काही केल्या सांगता येत नाही. मला विचाराल तर सगळी कादंबरी त्या नाशपातीत आहे. पुढे रहस्यकथेसारखं जे काही घडतं ते नसतं तरी माझं काही अडलं नसतं.

अपमानाचा मुद्दा मात्र मी झटकून टाकणार नाही. माणसाला आधी जनावर ठरवलं ते मारणाऱ्यांनीच. १९४०च्या ‘डेअर एविगे यूडे’ या नाझी प्रचारपटात ज्यूंच्या स्थलांतराच्या जोडीला उंदरांचे लोंढे दाखवले होते. ऑशविट्झच्या गॅस चेंबरमध्ये वापरलेलं झिक्लॉन बी हे मुळात किडे मारायचं औषध. म्हणजे या विषयावर प्राणी घेऊन बसणारा लेखक मारेकऱ्यांचंच हत्यार हातात घेतो. हे त्याला ठाऊक आहे का, एवढंच मी बघते. आर्ट स्पीगेलमन यांना ते पक्कं ठाऊक आहे. त्यांच्या ‘माउस’ या चित्रकथेत ज्यू म्हणजे उंदीर. त्यात तळघरात लपलेली त्यांची आई घुशींना घाबरते, आणि वडील तिला धीर देतात की अगं, हे तर साधे उंदीर आहेत. उंदरांच्या तोंडी हे वाक्य! रूपकाची शिवण त्यांनी मुद्दाम उसवून ठेवली आहे.

मार्टेल यांचे प्राणी निव्वळ निरागस आहेत, तिथे मला खटकतं. कादंबरीतला म्हातारा फ्रेंच लेखक फ्लॉबेरची एक कथा कादंबरीतल्याच एका लेखकाला पाठवतो आणि त्यातल्या प्राण्यांच्या कत्तलीच्याच ओळी रंगवून ठेवतो. प्राण्यांचा संहार आणि ज्यूंचा संहार एकाच तराजूत. पण मग शेवटाकडे तो म्हाताराच नाझींचा साथीदार असल्याच्या संशयाच्या जागी येतो, म्हणजे तो तराजूही खोटा असणार. इथे माझं माझ्याशीच अजून भांडण चालू आहे.

आता एक कबुली. मी उभी हयात मुद्रितं तपासण्यात घालवली. एक वेलांटी सुटली तर रात्री झोप यायची नाही. तरी या पुस्तकातला एक पत्ता पहिल्या वाचनात मी सरळ ओलांडून गेले. घडलेलं कसं सांगायचं, त्याच्या साधनांची बिअट्रिस आणि व्हर्जिल एक यादी करतात. किंकाळी, प्रार्थना, हातवारे अशा चमत्कारिक गोष्टींमध्ये तो पत्ता आहे : ६८, नोवोलिप्की स्ट्रीट. मला वाटलं, असेल काहीतरी बनवलेलं. पुन्हा वाचताना पेन्सिल थांबली.

तो पत्ता पोलंडच्या राजधानीतला, वॉर्सामधला आहे, खराखुरा. वॉर्सा घेटोत, म्हणजे नाझींनी ज्यूंना कोंडून ठेवलेल्या वस्तीत, इतिहासकार इमान्युएल रिंगेलब्लुम यांनी नोव्हेंबर १९४०मध्ये एक गुप्त गट जमवला. शनिवारी भेटायचे, म्हणून नाव ‘ओनेग शाबेस’, म्हणजे शब्बाथचा, ज्यूंच्या विश्रांतीच्या पवित्र दिवसाचा, आनंद. त्यांनी रोजनिशा, भूमिगत वृत्तपत्रं, मुलांचे निबंध जमवले, आणि ट्रॅमची तिकिटं आणि गोळ्या-चॉकलेटांचे कागदसुद्धा. माणसं छावण्यांकडे नेली जात होती त्याच दिवसांत, ऑगस्ट १९४२मध्ये, यातला पहिला साठा धातूच्या दहा पेट्यांत भरून नोवोलिप्की ६८ इथल्या शाळेच्या तळघरात पुरला. पुरणाऱ्यांत अठरा-एकोणीस वर्षांची दोन मुलं होती. पेट्या १९४६मध्ये ढिगाऱ्याखालून निघाल्या, दुधाच्या दोन कॅनमधला दुसरा साठा १९५०मध्ये. तिसरा अजून मिळालेला नाही. रिंगेलब्लुम यांना १९४४च्या मार्चमध्ये ठार केलं.

म्हणून तुम्हाला सुचवते, गाढव म्हणजे कोण हे सोडा आणि त्या यादीवर परत जा.

प्रश्न : ‘माउस’मध्ये पोलिश लोकांना डुकरं का केलं? ते तर स्वतः नाझींचे बळी होते.

उत्तर : पोलंडमध्येही हाच राग होता. २००१ साली पोलिश आवृत्ती आली तेव्हा निदर्शनं झाली, प्रती जाळल्या. राग मला समजतो. पण चित्रं नीट पाहा : पोलिश म्हणून वावरणारा ज्यू तिथे डुकराचा मुखवटा चढवतो, आणि मुखवट्याची दोरी मागे दिसते. दुसऱ्या खंडात लेखक स्वतः उंदराचा मुखवटा लावलेला माणूस आहे.

प्रश्न : नाझी राजवटीत प्राणिरक्षणाचा कायदा होता म्हणतात. खरं का?

उत्तर : खरं. २४ नोव्हेंबर १९३३चा. आणि याच राजवटीने मे १९४२मध्ये ज्यूंना घरात कुत्रं, मांजर, पक्षी पाळायला बंदी केली. दुसऱ्या कोणाला सांभाळायला द्यायचीही मुभा नव्हती. ड्रेस्डेनचे भाषातज्ज्ञ व्हिक्टर क्लेम्पेरर जन्माने ज्यू. त्यांच्याकडे मुशेल नावाचा बोका होता. त्यांची रोजनिशी मी दोनदा वाचली, पण मे महिन्यातली ती पानं दुसऱ्यांदा वाचवली नाहीत. त्यांच्या पत्नी एव्हा यांनी बोक्याला स्वतः पशुवैद्याकडे नेलं आणि शेवटपर्यंत त्या तिथेच थांबल्या.