लासे थोरेसन यांचं चेंबर संगीत: फ्योर्ड बाजूला ठेवा, आधी तारा लावा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: नॉर्वेचे संगीतकार लासे थोरेसन यांच्या चेंबर रचना, म्हणजे मोजक्या वादक-गायकांसाठीचं संगीत, ऐकताना काही स्वर बेसूर वाटतात, ते मुद्दाम तसे आहेत का? ही प्रेरणा तिथल्या निसर्गातून आली आहे का? आणि घरी व्हायोलिन आहे, तर त्यावर काही करून पाहता येईल का? तिन्हींचं उत्तर एकाच ठिकाणी सापडतं, म्हणून सलग लिहितो.

आधी निसर्गाचं. नॉर्वेजियन संगीत म्हटलं की लेखात डोंगर, बर्फ आणि फ्योर्ड (डोंगरांत शिरलेल्या अरुंद खाड्या) आलेच. त्यानं कान तयार होत नाही. थोरेसन यांचा जन्म 1949चा, ऑस्लोचा. तिथे संगीतकार फिन मॉर्टेन्सन यांच्याकडे रचना शिकले, मग नेदरलँड्समध्ये उत्रेख्तला जाऊन सोनॉलॉजी, म्हणजे ध्वनीचाच अभ्यास केला, आणि पुढे ऑस्लोच्या संगीत अकादमीत प्राध्यापक झाले. त्यांच्या कामामागचे स्रोत स्पष्ट दिसतात: नॉर्वेची लोकपरंपरा, त्यातही हार्डांगर फिडल आणि जुनं गायन, हार्मोनिक्सची श्रेणी (एका मूळ स्वरात दडलेले, त्याच्या दुप्पट, तिप्पट, चौपट कंपनांचे स्वर), आणि त्यांची बहाई श्रद्धा. इस्रायलमधल्या हैफा इथल्या बहाई बागांच्या सोपानांचं 2001 मध्ये उद्घाटन झालं, तेव्हा त्यांचं ‘टेरेसेस ऑफ लाइट’ सादर झालं होतं. श्रद्धेचा धागा त्यांच्या कामात खरा आहे, पण ऐकणाऱ्याला पहिला दरवाजा उघडून देतात ते पहिले दोन स्रोत.

हार्डांगर फिडल व्हायोलिनसारखंच दिसतं, पण वाजवायच्या चार तारांखाली, फिंगरबोर्डच्या पोटातून, आणखी चार किंवा पाच तारा जातात. त्यांना गज लागत नाही, त्या फक्त झंकारतात. सारंगीच्या तरफा माहीत असणाऱ्याला हे वेगळं सांगायला नको. घोडी व्हायोलिनपेक्षा बरीच सपाट असते, त्यामुळे गज बहुतेक वेळ दोन तारांवर राहतो आणि सुरावटीखाली एक धरलेला स्वर सतत वाजत राहतो. नेहमीची जुळणी खालून वर ए-डी-ए-ई अशी लिहितात (प्रत्यक्ष आवाज त्याहून चढा असतो) आणि तरफा बी-डी-ई-एफ शार्प-ए. अशा वीसहून जास्त जुळण्या प्रचारात आहेत आणि जुळणी बदलली की वाद्याचा स्वभावच बदलतो.

डी म्हणजे आपली पांढरी दोन. तो षड्ज धरला तर साधं व्हायोलिन ‘म सा प रे’ होतं आणि हार्डांगरची नेहमीची जुळणी ‘प सा प रे’. म्हणजे फरक एका तारेचा.

आता बेसूरपणाकडे. तानपुरा नीट लागला की षड्जाच्या तारेतून स्वयंभू गंधार ऐकू येतो, तो पाचवा हार्मोनिक. षड्जापासून तो 386 सेंटवर असतो (पियानोच्या लगतच्या दोन स्वरांत 100 सेंटचं अंतर असतं). पियानोचा गंधार 400 वर. हा गंधार आपल्या कानाला गोडच लागतो. अडचण त्याच्या पुढे आहे. सातवा हार्मोनिक 969 सेंटवर येतो, म्हणजे पियानोच्या कोमल निषादापेक्षा 31 सेंट खाली. अकरावा 551 वर, शुद्ध मध्यम आणि तीव्र मध्यम यांच्या बरोबर मधोमध. तेरावा 841 वर, कोमल आणि शुद्ध धैवताच्या मध्ये. असे स्वर अशा रचनेत चुकून आलेले नसतात, ते एका मूळ स्वराचे घटक म्हणून मांडलेले असतात. मूळ स्वर कानात नसेल तर ते बेसूर वाटतात, असेल तर जागेवर बसतात.

नॉर्वेत या स्वरांची ओळख जुनी आहे. सेलयेफ्लोयटे नावाची बासरी वसंतात, झाडात रस चढतो तेव्हा, विलोच्या जातीतल्या सेलये झाडाच्या ओल्या सालीची करतात. तिला बोटांची भोकं नसतात. टोक बोटानं बंद करायचं किंवा उघडायचं आणि फुंकीचा जोर कमी-जास्त करायचा, एवढंच. उघड्या टोकानं हार्मोनिक्सची एक श्रेणी मिळते. बंद केलं की मूळ स्वर सप्तकभर खाली जातो आणि फक्त विषम हार्मोनिक्स वाजतात. दोन्ही एकत्र केले की खालच्या मूळ स्वराची पूर्ण श्रेणी हाती येते, अकरावा आणि तेरावा धरून. दक्षिण नॉर्वेतल्या टेलेमार्कचे फिडलवादक आणि संगीतकार आयविंद ग्रोवेन यांनी 1927 मध्ये ‘नातूरस्कालाएन’ या पुस्तकात याच स्वरसप्तकाची मांडणी केली आणि पुढे शुद्ध स्वरांतरांचं ऑर्गनही उभारलं. मात्र नॉर्वेच्या लोकसंगीतातला प्रत्येक मधला स्वर हार्मोनिक्समधूनच आला, असं सरसकट म्हणणं मला पटत नाही. वादकागणिक, गावागणिक गंधार आणि मध्यम हलतात, आणि ते हलणं हीच परंपरा आहे.

आता घरचं व्हायोलिन. ‘त्रोलस्टिल्ट’ ही प्रसिद्ध जुळणी करून पाहा: ए-ई-ए-सी शार्प, म्हणजे ए ला षड्ज धरून सा प सा ग. बहुतेक जण इथे पहिली चूक करतात आणि जी आणि डी या तारा एकेक स्वर वर ताणतात. तार एक पूर्ण स्वर चढवली की ताण सुमारे 26 टक्क्यांनी वाढतो. जुनी तार तुटते आणि खुंटी फिरवताना घोडीचं डोकं फिंगरबोर्डकडे झुकतं. शिवाय वरच्या लाकडावरचा भार बदलल्यामुळे आधी लावलेल्या तारा उतरतात. त्यापेक्षा सगळी जुळणीच एक स्वर खाली घ्या: जी-डी-जी-बी. जी आणि डी जिथे आहेत तिथेच राहतात, ए उतरवून जी करायचा, ई उतरवून बी. स्वरांतरं तीच मिळतात आणि एकही तार धोक्यात येत नाही. ई तारेचा ताण मात्र जवळपास निम्म्यावर येतो, त्यामुळे तिच्यावर गज हलका ठेवा, नाहीतर स्वर दाबामुळे चढतो आणि घरघरतो. तार ढिली केल्यावरही एकदा बाजूनं घोडी पाहा. तिची मागची, म्हणजे टेलपीसकडची बाजू वरच्या लाकडाला काटकोनात हवी. झुकली असेल तर दोन्ही हातांच्या बोटांनी धरून किंचित सरळ करा.

जुळवताना ट्यूनर अ‍ॅप फक्त खालच्या जी साठी वापरा, 196 हर्ट्झ. बाकी सगळं कानानं. अ‍ॅपवर लावलेला डी 293.66 हर्ट्झचा असतो, शुद्ध पंचम 294 चा. दोन तारा एकत्र वाजवल्या तर साधारण दीड सेकंदाला एक लहर येते, म्हणजे आवाज किंचित वाढून ओसरतो. ती थांबेपर्यंत डी किंचित चढवा. बी मध्ये फरक ढळढळीत आहे: अ‍ॅपचा बी 493.88, शुद्ध गंधार 490. वरचा जी आणि बी सोबत वाजवलेत तर सेकंदाला पंधराच्या वर लहरी, म्हणजे स्पष्ट थरथर. बी उतरवत जा. थरथर मंदावते, लाटा लांबतात आणि मग आवाज एकदम स्थिर होऊन मोठा झाल्यासारखा वाटतो. तिथे थांबा. खालचा जी आणि बी मधल्या दोन तारांमुळे एकत्र वाजवता येणार नाहीत, म्हणून आधी वरचा जी खालच्या जी शी मिळवा आणि बी त्याच्याशी लावा. सगळं झाल्यावर पुन्हा पहिल्यापासून तपासा, एका फेरीत व्हायोलिन कधीच स्थिरावत नाही.

यानंतर खालच्या जी तारेवर हार्मोनिक्स शोधा. तारेची वाजणारी लांबी साधारण 32.5 सेमी असते. नटपासून (खुंट्यांकडच्या टोकाला तारा जिच्यावरून जातात ती पट्टी) 6.5 सेमीवर बोट नुसतं टेकवलं की पाचवा हार्मोनिक, 4.6 सेमीवर सातवा, जेमतेम 3 सेमीवर अकरावा. बोट दाबायचं नाही. गज घोडीच्या जवळ, सावकाश आणि एकसारखा. बोट दोन मिलिमीटर इकडेतिकडे झालं तरी अकरावा हरवतो, म्हणून चेलो मिळत असेल तर तो घ्या. 69 सेमीच्या तारेवर सातवा नटपासून 9.9 सेमीवर आणि अकरावा 6.3 वर येतो, बोटाला भरपूर जागा मिळते. सातवा वाजवून लगेच खालची मोकळी तार ऐका. असं रोज दहा मिनिटं केलं की 969 सेंटचा निषाद ओळखीचा होतो.

वादकांसाठी एक सूचना. छापील संगीतात असे स्वर बऱ्याचदा पाव-स्वराच्या खुणांनी दाखवतात आणि वादक ते काटेकोर 50 सेंटचे वाजवतात. अकराव्यासाठी ते चालतं, 550 आणि 551 मधला फरक ऐकू येत नाही. तेराव्यासाठी 9 सेंटची चूक होते, ओढूनताणून चालते. सातव्यासाठी मात्र 950 आणि 969 यांत 19 सेंटचं अंतर पडतं आणि सगळा स्वरमेळ ढासळतो. म्हणून आपल्या वाट्याच्या स्वरलिपीत प्रत्येक अशा स्वरावर पेन्सिलनं दोन गोष्टी लिहा: मूळ स्वर कोणता आणि हा त्याचा कितवा. डी हा सी चा नववा असेल तर पियानोच्या डी पेक्षा 4 सेंट वर. तोच डी ई चा सातवा असेल तर 31 सेंट खाली. कागदावर एकच खूण, पण बोट 35 सेंट सरकायला हवं. रागसंगीतात वाढलेला कान इथेच अडतो, कारण आपला षड्ज मैफलभर हलत नाही. हार्मोनिक्सवर बांधलेल्या रचनेत मूळ स्वर बदलू शकतो, आणि तो बदलला की धरलेल्या स्वराचा अर्थही बदलतो. व्हायब्रेटो अशा जागी पूर्ण बंद ठेवा, तो 20-30 सेंट सहज खातो.

लयीचंही लक्षात घ्या. टेलेमार्कचा स्प्रिंगार हा लोकनाच तीन मात्रांचा लिहितात, पण मात्रा सारख्या नसतात: लांब, मध्यम, आखूड. नॉर्वेतल्याच वाल्द्रेस भागातल्या स्प्रिंगारमध्ये पहिली आखूड, दुसरी लांब. सरावाला टेलेमार्कची मोजणी साधारण 39-33-28 टक्के अशी धरा, मग मेट्रोनोम बंद करून पायानं ताल धरा. समान मात्रांत वाजवलं की तो फिका वॉल्ट्झ होतो. सुरावटीही छोट्या असतात, एकेक तुकडा किंचित बदलून पुन्हा येतो. पुनरावृत्ती म्हणून कंटाळू नका, काय बदललं ते पकडा.

ऐकायचा क्रम मी असा सुचवेन. आधी सेलयेफ्लोयटे, मग त्रोलस्टिल्ट जुळणीतलं हार्डांगर फिडल, मग टेलेमार्कचं एकल गायन. त्यानंतर थोरेसन यांची एकट्या व्हायोलिनसाठीची ‘ईर’ (1991). एकच वाद्य असल्यामुळे फिडलच्या वादनाचा ठसा तिथे सर्वात स्वच्छ ऐकू येतो. मग ‘ओपस 42’, ज्यासाठी त्यांना 2010 मध्ये नॉर्डिक कौन्सिलचं संगीत पारितोषिक मिळालं. नॉर्डिक व्हॉइसेस या सहा गायकांच्या गटासोबत सूक्ष्म स्वर आणि लोकगायनाच्या पद्धतींवर केलेलं काम त्यात आहे. माझ्या मते त्यांचं सगळ्यात पटणारं काम हेच, कारण गळ्याला पडदे नसतात. ‘बर्ड ऑफ द हार्ट’ (1982) हे पियानो, व्हायोलिन आणि चेलोचं त्रयीसंगीत त्यानंतर घ्या. कुठल्याही पियानो त्रयीत वादकांनी पियानोनं धरलेल्या स्वराला शुद्ध करायला जाऊ नये, पियानो उतरणार नाही. दोन तारवाद्यं आपापसांत असतील तेव्हाच शुद्ध स्वरांतरं घ्यावीत.

रचनेचा आकार समजत नसेल तर थोरेसन यांचीच पद्धत उपयोगी पडते. संगीतकार ओलाव आंतोन तोम्मेसन यांच्यासोबत 1970च्या दशकात त्यांनी श्रवणावर आधारित विश्लेषण सुरू केलं. ‘इमर्जंट म्युझिकल फॉर्म्स’ (2015) हे त्यावरचं पुस्तक. घरगुती रूप सोपं आहे. कागदावर आडवी रेघ, त्यावर मिनिटं. पहिल्या ऐकण्यात फक्त तुकडे कुठे तुटतात ते खुणा करून दाखवा. दुसऱ्यात एका वेळी किती थर वाजतात ते रंगांनी. तिसऱ्यात जोर कुठे चढतो आणि कुठे ओसरतो. स्वरलिपी शेवटी उघडा. आधी उघडली तर डोळे कानाच्या पुढे धावतात आणि पानावर दिसतं तेच ऐकू येऊ लागतं.

सगळेच नॉर्वेजियन रचनाकार फिडलपाशी येतात असं मात्र नाही. रॉल्फ वॉलिन यांची तालवाद्यांसाठीची ‘स्टोनवेव्ह’ (1990) फ्रॅक्टल, म्हणजे स्वतःचाच आकार लहान-मोठा करून पुन्हा येणाऱ्या आकृत्यांच्या, गणितातून निघाली आहे, तिथे वर सांगितलेली जुळणी काही कामाची नाही. थोरेसन यांच्यासाठी मात्र जी-डी-जी-बी पासून सुरुवात करा. बी लावताना थरथर थांबत नसेल तर आधी तार बदला: झिजलेल्या तारेचे हार्मोनिक्स स्वतःच जागेवर नसतात, आणि तशा तारेवर शुद्ध गंधार कितीही प्रयत्न केला तरी लागत नाही.