न्यूहेवनच्या कोळणी

प्रश्न : एडिंबरोजवळच्या न्यूहेवनच्या कोळणींचे १८४५च्या सुमाराचे फोटो पाहिले. त्या एकमेकींना टेकून का असतात?

उत्तर : हे फोटो डेव्हिड ऑक्टेव्हियस हिल आणि रॉबर्ट अ‍ॅडमसन यांचे. कॅलोटाइप ही फोटोग्राफीची एक सुरुवातीची पद्धत; तिच्या कागदावर चित्र उमटायला भर उन्हातही वेळ लागे. जरा हललं की धूसर. टेकलं की स्थिर राहता येई. पण मला त्यात मैत्रीही दिसते, आणि ती खरी वाटते. पाठीवरची माशांची जड टोपली बघा: तिचा पट्टा कपाळावर घेऊन या बायका एडिंबरोत दारोदार मासे विकत. कॅलोटाइपचा शोध लावणाऱ्या टॅलबटचं पेटंट स्कॉटलंडला लागू नव्हतं, म्हणून ही कला तिथे मोकळेपणी बहरली. अ‍ॅडमसन मात्र १८४८मध्ये, अवघ्या २६व्या वर्षी गेला. फार हळहळ वाटते.