पशुखाद्याच्या पोत्यावर प्रथिनांचं प्रमाणच छापलेलं नाही. कायद्याने हे चालतं का?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा: सांगोल्याजवळ सहा गाई आहेत. नव्या कंपनीच्या गोळी पेंडीची पाच पोती आणलीत. पोत्यावर 'हाय प्रोटीन' आणि 'दूधवाढ हमखास' एवढंच ठळक छापलंय. घटक नाहीत, टक्केवारी नाही, तारीख नाही. एक पोतं संपत आलं तरी दूध वाढायच्या ऐवजी उतरलं. आता दाद कुठे मागायची?

माझा गोठा मोहोळ तालुक्यात आहे, नऊ गाई आणि दोन पंढरपुरी म्हशी. मी वकील नाही. पण अशाच पोत्यांनी मला एकदा चांगलंच रडवलं, तेव्हापासून यातले कायदे आणि मानकं शोधून वाचतो.

आधी कडू गोष्ट सांगतो. आपण समजतो की बिस्किटाच्या पुड्याला लागतो तोच कायदा पेंडीच्या पोत्यालाही लागत असेल. तसं नाही. 2006 च्या अन्न सुरक्षा आणि मानके कायद्यात 'अन्न' कशाला म्हणायचं याची व्याख्या दिली आहे, आणि तिथेच पशुखाद्य त्यातून वगळलं आहे. जीवनावश्यक वस्तू कायद्याचंही तेच झालं. 1955 च्या मूळ कायद्यात पेंड आणि इतर खुराकासह जनावरांचं खाद्य यादीत होतं. 2006 च्या दुरुस्तीने यादी आखडली आणि आपल्या वाट्याला त्यात राहिलं ते चाऱ्याचं बियाणं. दुधावर ज्याचं घर चालतं त्या माणसाचा सगळ्यात मोठा खर्च खुराकावर होतो आणि त्याच मालाला धड एक कायदा नाही, याचा मला आजही संताप येतो.

मग किमान वजन, किंमत, तारीख तरी छापायला हवी ना? त्यासाठी वैधमापनशास्त्राचे, म्हणजे वजन-मापाच्या कायद्याचे, 2011 चे आवेष्टित (पाकीटबंद) वस्तू नियम आहेत. उत्पादकाचं नाव-पत्ता, निव्वळ वजन, महिना-वर्ष, सर्व करांसह किंमत, तक्रारीसाठी संपर्क, हे सगळं त्यात येतं. पण किरकोळ पाकिटांचे हे नियम 25 किलोपेक्षा जास्त वजनाच्या पाकिटांना लागू नाहीत, अशी सवलत त्याच नियमांत ठेवली आहे. आपलं पोतं बहुतेक वेळा 50 किलोचं. ही सवलत काढण्याचा प्रस्ताव केंद्राने 2024 मध्ये मांडला होता. वजन कमी भरलं तर मात्र वैधमापन निरीक्षकाकडे जरूर जा.

आता आपल्या हातात काय आहे ते बघू. भारतीय मानक ब्यूरोचं (बीआयएस) गाई-म्हशींच्या मिश्र खाद्यासाठी मानक आहे, आयएस 2052. त्याच्या 2009 च्या आवृत्तीत टाइप 1 खाद्यात प्रथिनं किमान 22 टक्के, टाइप 2 मध्ये 20 टक्के आणि ओलावा जास्तीत जास्त 11 टक्के असं ठरवलेलं आहे. पोत्यावर आयएसआय चिन्ह असेल तर वर मानकाचा क्रमांक आणि खाली सीएम/एलने सुरू होणारा परवाना क्रमांक असायला हवा. तो क्रमांक 'बीआयएस केअर' ॲपमध्ये टाकला की परवाना कुणाचा आणि चालू आहे की नाही, ते तिथल्या तिथे कळतं. मी दुकानात उभा राहूनच टाकतो. डिसेंबर 2019 मध्ये अन्न सुरक्षा प्राधिकरणाने दुधाच्या बाजूने हा विषय हाती घेतला होता. दुभत्या जनावरांच्या खाद्यात गाय-म्हैस किंवा डुकराच्या मांसाचा, हाडांचा चुरा नको आणि खाद्य बीआयएस मानकांप्रमाणे असावं, असा तो आदेश. तरीही चिन्ह नसलेली पोती आपल्याकडे सर्रास विकली जातात, हे तुम्ही बघताच आहात.

'हाय प्रोटीन' या शब्दांना तर टक्केवारीशिवाय काहीच अर्थ नाही. आणि टक्केवारी असली तरी एक ग्यानबाची मेख आहे. प्रयोगशाळेत प्रथिनं थेट मोजत नाहीत. नायट्रोजन मोजतात आणि त्याला 6.25 ने गुणतात. युरियात 46 टक्के नायट्रोजन असतो. म्हणजे 50 किलोच्या पोत्यात अर्धा किलो युरिया मिसळला की कागदावर जवळजवळ 2.9 टक्के प्रथिनं वाढतात. सरकीचा किंवा शेंगदाण्याचा एक कणही न घालता. मोठ्या जनावराचं पोट थोडा युरिया वापरून घेतं, म्हणून मानकात त्याला मर्यादेत जागा आहे. लहान वासराच्या पोटाला तो झेपत नाही. म्हणून तपासणी करून घ्याल तेव्हा प्रथिनांबरोबर युरिया, आम्लात न विरघळणारी राख आणि अफ्लाटॉक्सिन हेही मागा. राखेच्या आकड्यातून खाद्यात किती रेती-माती गेलीय ते कळतं.

अफ्लाटॉक्सिन म्हणजे बुरशीचं विष. सरकी पेंड, शेंगदाणा पेंड, मका यांना ओल लागली की ही बुरशी धरते. मानकात अफ्लाटॉक्सिन बी1 ची मर्यादा 20 पीपीबी, म्हणजे एक अब्ज भागांत 20 भाग, आहे. गाईने ते खाल्लं की त्याचंच रूप दुधात उतरतं आणि दूध तापवून ते जात नाही. अन्न सुरक्षा प्राधिकरणाने 2018 मध्ये देशभरातून दुधाचे 6,432 नमुने तपासले, त्यातल्या 368 नमुन्यांत हे विष मर्यादेपेक्षा जास्त निघालं. नाव दुधाचं खराब होतं, आणि मूळ आपल्या गव्हाणीत असतं.

माझ्यावर गुदरलं ते असं. आषाढात आठ पोती आणली. तिसऱ्या पोत्यात तळाला मुठीएवढे गठ्ठे निघाले. फोडले की आत हिरवट-राखाडी, आणि वास कुबट. आंबोण पुढे ठेवलं तर गाई नुसतं हुंगून तोंड फिरवायच्या. चार दिवसांत दूध 62 लिटरवरून 47 वर आलं. दुकानदाराकडे गेलो. त्याने शांतपणे विचारलं, "बिल आहे? पोत्याचा टॅग आहे?" बिल घेतलंच नव्हतं. पोत्याची शिवण ओढली की तोंडाला शिवलेला कागद गळून खाली पडतो, तो शेणात तुडवला गेला होता. रिकामी पोती कडब्याच्या गंजीवर टाकलेली. बॅच कुठली, माल कधीचा, माझ्याकडे काहीच नव्हतं. तक्रार तिथेच संपली.

तेव्हापासून टॅग कापून बिलाला टाचतो. नवीन माल आला की दोन-तीन पोत्यांतून मिळून किलोभर पेंड कोरड्या बरणीत भरतो, बॅच आणि तारीख लिहितो, जमलं तर माल उतरवणाऱ्याची सही घेतो. हिशेबाच्या वहीत रोजचं दूध असतंच. संकलन केंद्राच्या फॅट-एसएनएफच्या (दुधातली चरबी आणि बाकीचे घनपदार्थ) पावत्याही आता जपून ठेवतो.

तुमच्या बाबतीत मार्ग ग्राहक संरक्षण कायदा 2019 चा आहे. धंद्यासाठी घेतलेल्या मालाला हा कायदा लागू नाही असं समोरचा म्हणेल. पण स्वयंरोजगारातून पोट भरण्यासाठी घेतलेली वस्तू त्यात धरली जाते आणि घरच्या माणसांनी सांभाळलेल्या सहा गाई म्हणजे तेच. आधी 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करा, कंपनी आणि दुकानदार दोघांना रजिस्टर्ड पोस्टाने नोटीस पाठवा. तोडगा निघाला नाही तर सोलापूरच्या जिल्हा ग्राहक आयोगात अर्ज. मालाची किंमत 5 लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही, मुदत दोन वर्षांची, वकील लावलाच पाहिजे असंही नाही. 'दूधवाढ हमखास' हे छापील वाक्य तिथे तुमच्याच कामाला येईल, त्याचा फोटो काढून ठेवा. मालाची तपासणी लागणार असेल तर आयोग स्वतः नमुना सीलबंद करून प्रयोगशाळेला पाठवू शकतो. आपण परस्पर करून घेतलेल्या तपासणीवर समोरचा वाद घालतो, म्हणून ही तरतूद मोलाची आहे. स्वतःच्या खात्रीसाठी आधी तपासून घ्यायचं असेल तर शिरवळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयातल्या पशुपोषण विभागात चौकशी करा.

दूध उतरण्याला दुसरं कारण असू शकतं, कासदाह, गोचीड ताप, उन्हाचा ताण. आयोगासमोर पहिला प्रश्न हाच येणार. म्हणून आजच तालुक्याच्या पशुवैद्यकाला बोलावून गाई तपासून घ्या आणि त्यांच्याकडून लेखी घ्या.

आणि उरलेल्या चार पोत्यांपैकी किमान एक शिवण न उसवता बाजूला ठेवा. जमिनीवर नको, फळीवर, भिंतीपासून हातभर लांब, वर गळती नसेल अशा ठिकाणी. फोडलेल्या पोत्यातली पेंड, तपासणी होईपर्यंत, वासरांना चिमूटभरही घालू नका.