परदेशी विद्यापीठाचे पहिले ऑनलाइन सत्र सोलापुरातून करताना

न्यूयॉर्कमधील दुपारी २ चा तास उन्हाळ्यात आपल्याकडे रात्री ११:३० ला आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी तिथली घड्याळे मागे गेल्यावर १२:३० ला सुरू होतो, हे विषय निवडतानाच ध्यानात घ्या. २०२० मध्ये मी पूर्व भागातील घरी, शेजारच्या यंत्रमागांच्या खडखडाटात, असेच सत्र केले. जागरण टाळण्यासाठी ध्वनिमुद्रित व्याख्याने ‘उद्या पाहू’ म्हणत साठवली आणि सहामाहीपर्यंत तेवीस व्याख्याने तुंबून गुण घसरले. म्हणून व्याख्यान चोवीस तासांच्या आत ऐकाच. शंका मात्र प्राध्यापकांच्या ऑनलाइन भेटीच्या वेळेतच विचारा. आपली हुशार मुले नेमकी तिथेच इंग्रजीच्या संकोचाने गप्प बसतात, याचे मला मनापासून वाईट वाटते. परीक्षेपूर्वी लॅपटॉप पूर्ण चार्ज करून मोबाइलचा हॉटस्पॉट तपासून ठेवा.